जवाईबापूंचा हाका

आमच्या घरात इंग्रजी शाळेतून आलं नाही, ते खिळ्याला टांगून आलं. बाबा अहेरीच्या लाकूड डेपोत ओंडके मोजायचं काम करायचे. तिथे येणाऱ्या एका वखारवाल्याने त्यांना दिवाळीच्या मिठाईबरोबर एक कॅलेंडर दिलं, रोज एक पान फाडायचं असतं तसलं जाडजूड. प्रत्येक पानावर तारीख लहान, आणि तिच्याखाली मोठ्या अक्षरात एक इंग्रजी वाक्प्रचार, तो मुळात कुठून आला याची गोष्ट आणि तो कसा वापरायचा याचं एक उदाहरण. कॅलेंडर सरून गेलेल्या वर्षाचं होतं. वखारवाल्याचा हात त्याबाबतीत एवढा सैल का झाला ते त्यावरून कळतं, पण बाबांना त्याचं काही वाटलं नाही. "तारीख शिळी होते, इंग्रजी नाई होत," असं म्हणून त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी खिळा ठोकला, आणि त्या खिळ्याने आमचं पुढचं वर्षभर घर चालवलं.

नियम मी केले. बाबांना हौस होती, पण हौसेला पद्धत लागते आणि ती त्या घरात माझ्याकडेच होती. सकाळच्या चहाला बाबांनी पान वाचायचं आणि मागची गोष्ट सांगायची. मग दिवसभरात ज्याने त्याने तो वाक्प्रचार खऱ्या बोलण्यात, खऱ्या प्रसंगाला वापरायचा. उगाच मध्ये टाकून दिलेला धरला जाणार नाही. निकाल जेवताना, निकाल देणार बाबा. जिंकणाऱ्याला माशाचं डोकं, आणि मासे नसतील त्या दिवशी भाताच्या गंजाच्या तळाशी धरलेली कुरकुरीत खरपुडी. घरात आम्ही तिघंच, त्यामुळे स्पर्धा आटोपशीर होती. आईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तिला मराठीत खेळायची सवलत दिली. ती देताना बाबांना आणि मला आपण फार मोठं मन दाखवतोय असं वाटलं होतं. महिनाभरात डोकं बहुतेक वेळा तिच्याच ताटात जायला लागलं.

त्याचं कारण मला फार नंतर कळलं. बाबा आणि मी अर्थ पाठ करायचो, आई गोष्ट ऐकायची. अर्थ संध्याकाळपर्यंत विसरतो, गोष्ट विसरत नाही. 'व्हाइट एलिफंट'चं पान मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. सयामचा राजा ज्या सरदारावर चिडायचा त्याला पांढरा हत्ती भेट द्यायचा. राजाची भेट, नाही म्हणता येत नाही. पांढरा हत्ती पवित्र, कामाला जुंपता येत नाही. आणि खायला तर हत्तीएवढंच लागतं, सरदार त्यातच बुडायचा. आईने कमलापूरकडच्या रानात हत्तींना ओंडके ओढताना पाहिलं होतं, त्यामुळे तिला ही गोष्ट पटेना. "पांढरा असला म्हणून काय झालं? ओंडका ओढाले रंग लागते का?" बाबांनी मान, इभ्रत, राजेशाही असं पुष्कळ समजावलं. ती भाकरी थापत राहिली. रात्री वाढता वाढता एकदम म्हणाली, "म्हणजे आपले जवाईबापू."

बाबांचा घास हातातच राहिला.

"नाई म्हणता येत नाई, काम सांगता येत नाई," आई वरण वाढत म्हणाली, "अन् आले का वडे त करावेच लागते."

बाबांनी दाराकडे पाहिलं, बाहेर कोणी नाही याची खात्री केली आणि माशाचं डोकं उचलून तिच्या ताटात ठेवलं.

जवाईबापू म्हणजे बाबांच्या धाकट्या बहिणीचे, माझ्या आत्याचे यजमान. मी त्यांना फुफाजी म्हणायची, पण घरात त्यांचं नाव जवाईबापूच होतं. ते चंद्रपूरला कोळसा खाणीच्या ऑफिसात पाळीची हजेरी ठेवायचे. माणूस अतिशय साधा, कमी बोलणारा, मिळेल ते खाणारा. त्यांच्या अंगावर पांढऱ्या हत्तीचा रंग चढवला होता तो आमच्याकडच्या रीतीने. आमच्याकडे जावयाला द्यायचं असतं, जावयाकडे मागायचं नसतं. त्याच्या घरी बहीण दिली तेव्हाच मागायचा हक्क संपला. तांदूळ न्यावा, मासे न्यावेत, आंबे न्यावेत, आणि हात हलवत परत यावं. बाबा चंद्रपूरला गेले की आत्याच्या घरी पाणीसुद्धा स्वतःहून मागत नसत, कोणी विचारेपर्यंत तहानलेले बसायचे. याला पुण्याकडचे लोक हसतात हे मला माहीत आहे. हसू दे.

बाकी पानांचं काय सांगू. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'वर बाबा नाराज होते, कारण पानावर प्रामाणिकपणे छापलं होतं की हे कुठून आलं ते नक्की कोणालाच ठाऊक नाही. ज्याच्या मुळाचा पत्ता नाही असला ओंडका डेपोत घेत नाहीत, असं म्हणून त्यांनी ते पान वापरात आणायला मनाई केली. 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' मात्र आईचं लाडकं होतं. विलायतेच्या बाजारात म्हणे लबाड विक्रेते पिशवीत डुकराचं पिल्लू सांगून मांजर भरून द्यायचे, आणि पिशवी उघडली की भांडाफोड. आईला यात परदेशी काहीच वाटलं नाही. आठवडी बाजारात कोंबडी घेताना ती पिशवीत कोपरापर्यंत हात घालून बघायची, आणि विकणाऱ्याला सांगायची की बाबू, मले इंग्रजी समजते. 'इन द सेम बोट'ची गोष्ट बाबांनी प्राणहिता नदीच्या डोंग्यावरून सांगितली: डोंग्यात सावकार बसो, नवरी बसो की बकरी बसो, पाणी शिरलं की सगळ्यांचे पाय सारखेच ओले होतात. पानावर एवढं सगळं नव्हतं. पण बाबांना तोकडं पान आवडत नसे.

'टच वुड'च्या पानाने तर त्यांना दोन दिवस डोकं वर काढू दिलं नाही. फार पूर्वी लोकांना वाटायचं की झाडात देव राहतो. आपण काही चांगलं बोललो की त्याला नजर लागू नये म्हणून लाकडाला हात लावायचा. हे वाचून बाबा म्हणाले की हे आपल्याच रानातून तिकडे गेलं असणार, कारण झाड तोडण्याआधी त्याच्या पाया पडणारी माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती. त्या दिवसापासून घरात कोणीही काही बरं बोललं, भात चांगला झाला, पाऊस वेळेवर आला, शालूला, म्हणजे मला, मार्क बरे पडले, की ते लाकूड शोधायला निघायचे. साधं लाकूड चालायचं नाही. खुर्चीवर टकटक करून म्हणायचे, "हे आंब्याचं. आंब्याच्या लाकडानं काय होते?" आणि उठून दाराच्या चौकटीपर्यंत जायचे, कारण ती सागाची होती. बोटाच्या हाडाने टकटक केली की आवाजावरून ते झाडाची जात सांगत. आईने एकदा विचारलं की दिवसभर डेपोत लाकडालाच हात लावता, मग आपल्या घरी सोनं का नाही. बाबांनी त्यावर विचार करून उत्तर दिलं की तिथे मोजायला हात लावतो, तो धरत नाहीत.

माझ्या ऑफिसातलं टेबल आता भुसा दाबून केलेल्या फळीचं आहे, वर लाकडाचं चित्र छापलेलं. वर्षाचं काम वेळेत संपलं असं कोणी म्हणालं की माझा हात तिकडे जातो आणि मागे येतो.

एका पानाशी मात्र बाबांचं उघड भांडण झालं. 'बीट अबाउट द बुश'. पानावर मूळ बरोबर दिलं होतं: शिकारीत मजुरांकडून झुडपं झोडपून घ्यायचे, म्हणजे आत लपलेलं जनावर बाहेर यावं. याला आपण हाका म्हणतो. शिकारीवर बंदी नव्हती त्या काळात बाबा पोरवयात हाक्याला गेले होते, रॉकेलचा रिकामा डबा आणि काठी घेऊन. मूळ वाचताना त्यांचा चेहरा उजळला. मग खाली वापर आला: मुद्द्यावर न येता वेळ घालवणे, सुज्ञ माणसाने असं करू नये.

"कोणं लिहिलं हे?" बाबा म्हणाले. "मचाणावर बसणाऱ्यानं लिहिलं असन. झुडूप न झोडपता आत गेला असता त रानडुकरानं पोट फाडलं असतं त्याचं."

मग त्यांनी चहा थंड होईपर्यंत आम्हाला हाका समजावला. तीन बाजूंनी माणसं चालत येतात, चौथी बाजू मोकळी ठेवायची. जनावराला ढकलायचं नसतं, त्याला वाटलं पाहिजे की मीच माझ्या मनाने इकडे निघालो. कडेच्या झाडांवर काही माणसं बसवलेली असतात; जनावर भलतीकडे वळलं की त्यांनी बुंध्यावर काठी हळूच टकटक करायची, एवढ्यानेच ते पुन्हा वाटेवर येतं. ओरडलं तर बिथरतं. आणि मोकळ्या बाजूला मचाणावर बसलेल्या माणसाने तर श्वाससुद्धा जपून घ्यायचा. यात वेळ घालवणं कुठे आलं, असा त्यांचा सवाल होता. मूळ खरं आणि वापर खोटा, असा निकाल देऊन त्यांनी त्या दिवशीची खरपुडी कोणालाच दिली नाही.

आता माझ्याकडे वळते, कारण या सगळ्यात अडकलेलं जनावर मीच होते. मी बारावीला होते. मला पुढे कॉमर्स शिकायचं होतं आणि त्यासाठी चंद्रपूरला राहायला हवं होतं. आईचा शिकण्याला विरोध नव्हता, हॉस्टेलला होता. तिचं म्हणणं एका वाक्यात मावायचं: आत्याच्या घरी राहणार असेल तर जाऊ दे, नाहीतर आष्टीच्या पाहुण्यांना उन्हाळ्यात बोलवायचं. आष्टीच्या पाहुण्यांचा मुलगा भातगिरणीवर होता. मुलगा वाईट नव्हता, एकदा बसमध्ये त्याने मला जागाही दिली होती. पण मला गिरणीचे हिशेब माझे स्वतःचे असल्यासारखे करायचे नव्हते. म्हणजे सगळं आत्याच्या घरावर येऊन ठेपलं, आणि आत्याचं घर म्हणजे जवाईबापूंचं घर, आणि जवाईबापूंकडे तर मागायचं नसतं.

बाबा त्या हिवाळ्यात चंद्रपूरला बऱ्याच चकरा मारून आले. प्रत्येक वेळी चिन्नोर तांदूळ घेऊन गेले, आणि प्रत्येक वेळी न विचारता परत आले. आई दारातच विचारायची, काढला का विषय. बाबा पाय धुता धुता सांगायचे की तसा काढला, पण तिकडून काही आलं नाही. खोदून विचारल्यावर कळायचं की त्यांनी एस.टी.ची गर्दी, चंद्रपूरचं ऊन, मुलींच्या शिक्षणाचं एकंदर महत्त्व इथपर्यंत झुडपं झोडपली होती आणि जवाईबापू आपल्या घराची मागची खोली, तिची खिडकी, तिथला उजेड असलं काहीतरी बोलत बसले होते. "त्याहिचं ध्यानच नाई," बाबा म्हणायचे. आई म्हणायची की तांदूळ संपेल, पण तुमचा हाका संपणार नाही.

मग महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा करून आत्या आणि जवाईबापू अचानक आमच्याकडे आले. जत्रेनंतर ते सरळ चंद्रपूरला परतायचे, अहेरीपर्यंत उतरून यायची त्यांची कधीच पद्धत नव्हती. आम्ही याला नशीब समजलो, आणि असं का याचा विचार कोणीच केला नाही. मी तर ताबडतोब कामाला लागले. आपल्या रानात, आपल्या घरात, आपल्या माणसांनिशी हाका करायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती. मी जागा वाटून दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण, कारण चारच्या बसने ते निघणार होते. बाबा समोर, मोकळ्या बाजूला; त्यांनी कमी बोलायचं. आई स्वयंपाकघराच्या दारात. विषय भरकटला की हळूच टकटक करायची. मी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसायचं, अभ्यासू दिसेन अशी, पण बोलायचं नाही, कारण स्वतःच्या गोष्टीत मुलीने तोंड घालायचं नसतं. आत्याला यात घेतलं नव्हतं. आत्याच्या पोटात काही राहत नसे, असा आमचा समज.

स्वयंपाक असा झाला होता की झाडावरचं जनावरही खाली उतरलं असतं. उडदाचे वडे, झिंग्यांचा रस्सा, रोहूचं कालवण, वांग्याची भाजी, वर भरपूर हिरवा सांबार, म्हणजे कोथिंबीर. माशाचं डोकं अर्थातच जवाईबापूंच्या ताटात. पहिला वडा त्यांनी तोडला तशी आईने सुरुवात केली.

"वडे शालूनं केले," आई म्हणाली. "कुठीही राहिली तरी उपाशी नाई राहत आमची पोरगी."

"वा," जवाईबापू म्हणाले. "सासरचे लोक नशीबवान."

जनावर सुटलं ते थेट आष्टीच्या दिशेने. आईने दाराच्या चौकटीवर पळी टकटक केली आणि सांगितलं की सासरला अजून वेळ आहे, आधी शिक्षण. जवाईबापूंनी मान डोलावली. बाबांनी मग चंद्रपूरच्या कॉलेजचं लोक कसं काय म्हणतात असं विचारलं, जसं काही त्यांना ते विकत घ्यायचं होतं. जवाईबापू म्हणाले की चांगलं म्हणतात, पण तुम्हाला लांब पडेल. आणि त्यांनी आणखी एक वडा घेतला.

थोड्या वेळाने जवाईबापू आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आमची मागची खोली रिकामीच पडून आहे. पोरगा पुण्याले गेला तवापासून. खिडकी पूर्वेकडं. अभ्यासाले लय उजेड."

कोपऱ्यात पुस्तकाचं पान उलटणारा माझा हात थांबला. जनावर मोकळ्या बाजूला, अगदी उघड्यावर येऊन उभं राहिलं होतं. आता मचाणावरच्या माणसाने फक्त गप्प बसायचं होतं.

"किरायानं द्या ना," बाबा म्हणाले.

जवाईबापूंनी रश्श्यात वडा बुडवला. "किरायदार कसा निंगन, काय सांगता येते. घरात बाई एकटी. माझी रातपाळी. रातभर तिले डोया नाई लागत."

"मंग कुत्रा पाळा."

मी खोकले. बाबांनी मला पाणी प्यायला सांगितलं. जवाईबापूंनी आणखी एकदा प्रयत्न केला. आता आठवलं की त्यांच्या चिकाटीचं मला कौतुक वाटतं. म्हणाले की हिला दिवसभर बोलायला कोणी नाही, परवा बघतो तर रेडिओला उत्तरं देऊन राह्यली होती. बाबांनी कोणता रेडिओ आहे असं विचारलं, आणि त्या कंपनीचा टिकाऊ असतो असं सांगितलं. आई दारात पळी टकटक करून दमली होती. तिच्या मते जनावर खोल्या, कुत्री आणि रेडिओ अशा भलत्या रानात शिरलं होतं. स्वयंपाकघरात आत्या एकदम गप्प झाली. आत्या गप्प, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.

हात धुतले गेले. सुपारी झाली. जवाईबापूंनी पिशवीचे बंद बांधले, चप्पल पायात सरकवली. बाबा त्यांच्यासमोर उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "जवाईबापू, आमची शालू..."

"हं?"

"...लाडू बांधून देते संगं."

मी आतून लाडू आणले. लाडू द्यायचं ठरलेलं नव्हतं, ते डबाभर आईच्या उपासासाठी होते. बाबा अजून तिथेच उभे होते. मराठीत ते वाक्य त्यांच्या तोंडून निघणार नव्हतं. हे मला तेव्हा लख्ख दिसलं. शब्द सगळे येत होते त्यांना. पण मराठीत ते भाऊ होते आणि समोर जवाई होता, आणि या दोघांमध्ये मागण्याची क्रियापदंच कोणी ठेवलेली नव्हती. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या खिळ्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात बाजूला सरळ ठेवून, शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तसे उभे राहिले.

"लेट अस नॉट बीट अबाउट द बुश," बाबा म्हणाले.

इतके दिवस ज्या वाक्प्रचाराचा वापर त्यांनी खोटा ठरवला होता, तो त्यांनी पानावर दिला होता तसाच, जसाच्या तसा वापरला. इंग्रजीत बहिणीचा नवरा आणि बायकोचा भाऊ दोघांना एकच शब्द आहे. तिथे वडे करावे लागत नाहीत आणि तिथे मागता येतं.

जवाईबापूंनी पायातली चप्पल काढली. ते परत येऊन पाटावर बसले. खाणीच्या ऑफिसात दिवसभर इंग्रजी कागद त्यांच्या हाताखालून जायचे, पण सासुरवाडीत त्यांच्या तोंडून इंग्रजीचा शब्द कोणी ऐकला नव्हता. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, बंद पुन्हा सोडले आणि हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, वुइ आर इन द सेम बोट."

"करेक्ट," बाबा म्हणाले. परीक्षकाची सवय जात नाही.

पुढचं सगळं त्यांनी इंग्रजीतच उरकलं, आणि ते इंग्रजी कोणत्याही कॅलेंडरवर छापण्यासारखं नव्हतं. माय डॉटर, युअर हाऊस, कॉलेज, थ्री इयर्स. माय हाऊस, एम्टी रूम, युअर सिस्टर, नाइट, फिअर. मी कोपऱ्यातून ऐकत होते आणि मला एकेक गोष्ट उलगडत होती. जवाईबापूंना मी हवी होते. आत्याला सोबत म्हणून, दोन वर्षांपासून. पण जवाई सासुरवाडीची मुलगी मागायला लागला तर लोक म्हणतील फुकटची मोलकरीण नेली. म्हणून तेही मागू शकत नव्हते. म्हणून मागची खोली, म्हणून खिडकी, म्हणून रेडिओ, म्हणून जत्रेवरून वाकडी वाट करून अहेरी. एकाच झुडपाला दोन्ही बाजूंनी दोन हाके लागले होते, चौथी बाजू कोणीच मोकळी ठेवली नव्हती, आणि मधोमध मी बसले होते पुस्तक उलटं धरून.

आई दारातून म्हणाली, "काय बोलून राह्यले वो हे?"

मी सांगितलं. आईने पळी खाली ठेवली. आत्या तिच्या मागून बाहेर आली, डोळ्यांना पदर लावून, आणि म्हणाली, "मी त याहिले कवाची म्हणून राह्यली, विचारा. हे म्हणते, भाऊले कसं वाटन."

"निंगली," आई म्हणाली. "निंगली एकदाची मांजर पिशवीतून."

त्या दिवशीचं डोकं खरं म्हणजे बाबांचं होतं. पण ते आधीच जवाईबापूंच्या पोटात गेलं होतं. चारची बस गेली. संध्याकाळी आईने पुन्हा वडे केले, आणि कोणी बघत नाही असं पाहून जवाईबापूंना नारळ फोडायला दिला. पांढरा हत्ती कामाला लागला, आणि मला तर वाटतं तो खूश होता.

माझ्याकडे ऑफिसात लोक येतात. काही आत शिरल्या शिरल्या म्हणतात, मॅडम, बदली पाहिजे. त्यांचं काम मी वेळेत करते. पण एखादा गडचिरोलीच्या पलीकडून आलेला माणूस खुर्चीच्या टोकावर बसून धानाचं, वाटेतल्या पुलाचं, माझ्या तब्येतीचं विचारायला लागला की मी पेन खाली ठेवते. हाताखालचे लोक घड्याळाकडे बघतात. त्यांना मी काही समजावत बसत नाही. मी फक्त एक बाजू मोकळी ठेवते आणि श्वास जपून घेते.

त्या वर्षी जूनमध्ये बाबा मला पोचवायला चंद्रपूरला आले. पत्र्याची पेटी, अंथरूण, चिन्नोरची गोणी. मागच्या खोलीची खिडकी खरोखरच पूर्वेला होती. बाबांनी पाणी घेतलं. मी बघत होते, त्यांनी स्वतःहून मागितलं. मग निघायची वेळ झाली आणि ते दारात उभे राहून बोलायला लागले. नळाला पाणी सकाळीच येतं, भरून ठेवत जा. छत्रीची काडी वाकली आहे, इथे कोणी नीट करत असेल. कॉलेजच्या रस्त्याला ट्रक फार. चपलेचा अंगठा शिवून घे. आत्यापुढे जास्त वाद घालू नको. नळाला पाणी सकाळीच येतं. मी उंबऱ्याच्या आत उभी होते. एवढं झोडपल्यावर काय बाहेर यायचं आहे ते मला माहीत होतं, आणि ते येईना. इंग्रजीतही येईना. त्या कॅलेंडरवर त्यासाठी पान नव्हतं.

शेवटी बाबांनी हात वर केला आणि दाराच्या चौकटीवर बोटाच्या हाडाने टकटक केलं.

"टच वुड," ते म्हणाले.

आधी काही चांगलं बोलावं लागतं, मग लाकडाला हात. हा नियम त्यांनीच घालून दिला होता. आधीचं वाक्य त्यांनी गाळलं. मीही विचारलं नाही. सवयीने त्यांनी पुन्हा एकदा टकटक केलं, कान जवळ नेला, आणि त्यांच्या कपाळावर आठी आली.

"साग नोहे," बाबा म्हणाले. त्यांनी चौकटीवरून तळहात वरपासून खालपर्यंत फिरवला. "ऐनाचं लाकूड आहे. चालते."